तिसरी पिन

बापाचा ग्राइंडर चावायचा.
फार नाही. कोपरापर्यंत मुंग्या,
दातांत तांब्याची चव.
"चावतो थोडा," तो म्हणायचा,
जुन्या कुत्र्याबद्दल पाहुण्याला सांगावं तसं,
"घरच्यांना काही करत नाही."

तो स्वतः उभा असायचा मांडीपर्यंतच्या रबरी बुटांत.
बुटांखाली फळी, फळीखाली खांब, खांबांखाली भरती.
न्यूफाउंडलंडचा आमचा हा काठ,
कुदळ मारली तर ठिणगी उडते असला.
कॉड चिरायच्या सुऱ्यांना तो धार लावायचा
तेव्हाही ठिणग्याच,
आणि मला वाटायचं
तो खडकच घासतोय.

तो गेला त्यानंतरच्या कॅप्लिनच्या दिवसांत
शेडमध्ये गेलो ओल्या मोज्यांनी.
डावा हात ग्राइंडरवर,
उजवा सहज टेकला नळावर.
सहज.
हाताला हाताने सोडवता येत नाही
हे पन्नाशीत कळलं.
गुडघे आधी हरले, अंगाचं वजन खाली आलं,
त्यानेच सोडवलं.

डल्सी आली. आल्बर्टातल्या खाणींच्या तारा ओढून
गावी परतलेली, चुलतभावाची मुलगी.
एक शब्द न बोलता तिने प्लग उपसून
माझ्या नाकासमोर धरला:
दोन चपटी पाती,
खाली गोल थोटूक, त्यावर करवतीचे ओरखडे.
जुन्या सॉकेटला भोकं दोनच.
दार ठेंगणं म्हणून
पाहुण्याचं डोकं उडवलं होतं कोणीतरी.
कोणीतरी म्हणजे कोण, ते आम्ही दोघं बोललो नाही.

मीटरची एक सुई ग्राइंडरच्या अंगाला, एक नळाला.
सत्त्याण्णव.
तिने तो आकडा पेन्सिलीने भिंतीवर लिहिला,
बापाने मांडलेल्या माशांच्या हिशेबाखाली.

"मग माती शोधू," मी म्हणालो.
इथे माती एकाच जागी. आईचा बटाट्यांचा वाफा.
तीस वर्षं बादल्यांनी आणलेलं समुद्री शेवाळ,
कुजलेले कॅप्लिन, दलदलीतला काळा गाळ.
आईची माती, बापाचं यंत्र.
माझा गळा दाटून आला,
इतकं ते छान जुळत होतं.

डल्सी हसली.
"सळई पुरूच की तिथे. ती आभाळातल्या विजेसाठी.
हिला तुझ्या आईचे बटाटे नकोत, काका.
हिला परत जायचंय, निघाली त्या पेटीत.
हिरवी तार म्हणजे फक्त तेवढी वाट.
मोकळी असली तर धावत सुटते, खटका पडतो, संपलं.
नसली तर माणसातून जाते,
सावकाश, खटक्याला पत्ताही न लागता."

दोन दिवस लागले. नवी केबल, तीन भोकांचं सॉकेट,
आत मीठ आणि लोखंडाच्या भुकटीचा
चिखल झालेली मोटर नव्याने गुंडाळून.
चाक दोरीवर टांगून तिने लाकडी मुठीने वाजवलं.
खणखणलं नाही. बद्द आवाज.
"हेही गेलंय," म्हणाली,
आणि कोणाला उचलून वापरता येऊ नये
म्हणून हातोड्याने फोडलं.

वॉशर शोधताना तंबाखूचा डबा उघडला.
वाकडे खिळे, गळ, एक बटण,
आणि ती.
पितळेची, नखाएवढी, एका टोकाला करवतीची धार.
माहीत होतं का त्याला?
की तो कधी काहीच फेकत नसे, एवढंच?
"जोडता येत नाही ती,"
मी विचारलं नव्हतं तरी डल्सी म्हणाली.
झाकण लावलं. डबा फळीवर, होता तिथे.

आता चावत नाही.
तरी रोज आधी हाताची मागची बाजू लावून बघतो,
तिनेच शिकवलंय.
नुसतं लोखंड. गार.
आणि खरं सांगतो,
क्षणभर चुकल्याचुकल्यासारखं होतं.